समोरची बाल्कनी की बाजूची? म्हापशातल्या एका कुटुंबाने क्रूझची केबिन कशी निवडली

पार्श्वभूमी

म्हापशात मी लोकांच्या परदेश प्रवासाची आखणी करून देतो. हे प्रकरण 2024 सालचं. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. जहाजाचं नावही दिलेलं नाही, कारण इथे जे घडलं ते अनेक जहाजांवर घडू शकतं.

कुटुंब पाच जणांचं. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आजी त्र्याहत्तरच्या, शिवाय मुलगा, सून आणि बारावी झालेली नात. जूनमध्ये कोपनहेगनहून निघून नॉर्वेच्या फ्योर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांमध्ये, जाणारी सात रात्रींची क्रूझ त्यांनी ठरवली होती. पहिल्या संध्याकाळी निघायचं, दुसरा पूर्ण दिवस समुद्रात, तिसऱ्या सकाळी गायरांगर, मग बर्गन आणि स्टावांगर करून परत.

मागणी एकच होती आणि ती आबांची होती: "खोली पुढच्या तोंडाला पाहिजे."

यामागचं कारण मला पहिल्याच भेटीत कळलं. 1960 च्या दशकात आबा मुंबईला नोकरीला होते आणि सुट्टीत बोटीने पणजीला येत. रात्रभराचा प्रवास, डेकवर वळकटी पसरून झोपायचं. पहाटे ते उठून पुढे जाऊन उभे राहत. आधी आग्वादच्या दीपस्तंभाचा उजेड, मग किल्ल्याची काळी कड, मग मांडवीचं मुख. "गाव आपल्याकडे चालत येतं असं वाटायचं," ते म्हणाले. बाजूच्या कठड्याशी उभं राहिलं की गाव नुसतं सरकत जातं, हा त्यांचा मुद्दा होता. मला तो तेव्हाही पटला आणि आजही पटतो. समोरून दिसणारा किनारा आणि बाजूने दिसणारा किनारा हे दोन वेगळे अनुभव आहेत.

आजींची आठवण नेमकी उलटी होती. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे बोट धक्क्याला लागत नसे. पडावातून बोटीपर्यंत जायचं आणि हेलकाव्यांत शिडी पकडून वर चढायचं. लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईला जाताना त्यांना बोट लागली, म्हणजे मळमळू लागलं, ते थेट भाऊच्या धक्क्यापर्यंत. मी विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "मला बोट लागते. पण यांची हौस आहे."

अडचण

मुलाने आठव्या डेकवर, जहाजाच्या अगदी पुढच्या भिंतीत, एकमेकींना लागून असलेल्या दोन बाल्कनी केबिन पसंत केल्या होत्या. अशा खोल्या जहाजावर मोजक्याच असतात. त्यामुळे त्या लवकर जातात आणि बहुधा महागही पडतात. त्या चार दिवसांसाठी धरून ठेवल्या होत्या. तेवढ्यात पैसे भरायचे किंवा सोडून द्यायच्या.

चित्रात ती बाल्कनी सुरेख दिसत होती. चित्रात न दिसणाऱ्या गोष्टी आम्हाला त्या चार दिवसांत शोधायच्या होत्या.

पहिली गोष्ट वाऱ्याची. जहाज 20 नॉटने चाललं म्हणजे ताशी 37 किलोमीटर. हवा पूर्ण पडलेली असली तरी समोरच्या बाल्कनीवर तेवढा वारा कायम येणार. मुलाला मी म्हटलं, जुन्या मांडवी पुलावरून स्कूटर चाळीसच्या आत चालवताना छातीवर जेवढा वारा लागतो तेवढा, आणि तो तासन् तास. समोरून 20 नॉटचा वारा असेल तर दोन्हींची बेरीज होते आणि 40 नॉट, म्हणजे ताशी 74 किलोमीटर. हवामानाच्या भाषेत 20 नॉटचा वारा म्हणजे नुसती जोरकस झुळूक, पण 40 नॉटला वादळी वारा म्हणतात. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. डेकवरच्या लोकांना जो दिवस बरा वाटतो, त्याच दिवशी समोरच्या बाल्कनीचं दार उघडणंही जड जातं. वारा फार वाढला की कर्मचारी ही दारं बंद ठेवायला लावतात किंवा स्वतःच कुलूप घालतात.

दुसरी गोष्ट हेलकाव्यांची. सी-सॉच्या फळीवर मधोमध बसलेलं मूल जेमतेम हलतं आणि टोकावरचं वर-खाली होतं. लाटा समोरून आल्या की जहाजाचंही तेच होतं. नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, खोलीत उचल आणि आपट सगळ्यात जास्त, जहाजाच्या मध्यावर खालच्या डेकला सगळ्यात कमी.

तिसरी गोष्ट रात्रीच्या पडद्यांची. जहाज जिथून चालवतात तो ब्रिजही पुढेच असतो, या खोल्यांच्या वर किंवा जवळपास. खोलीतला उजेड पुढे पडला तर अंधाराला सरावलेल्या अधिकाऱ्यांच्या नजरेला अडथळा होतो. म्हणून समोरच्या खोल्यांना अंधार पडल्यावर पडदे ओढून घ्यायचा नियम असतो, आणि तो पाळावाच लागतो.

चौथी गोष्ट मला माहीतच नव्हती. ती आम्हाला आबांच्या शेजाऱ्यांनी सांगितली.

गडग्याची परीक्षा

गोव्यात क्रूझविषयी काही विचारायचं तर माहितीपत्रकाच्या आधी एखादा तारवटी गाठावा. बार्देश आणि सासष्टीत बोटीवर नोकरी केलेला माणूस नाही असा वाडा मिळणं कठीण. आबांचे हे शेजारी आयुष्यभर प्रवासी जहाजांवर केबिनची देखभाल करून निवृत्त झालेले. त्यांनी डेकचा नकाशा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला: "आबा बाल्कनीत उभे राहणार की बसणार?"

बाजूच्या बाल्कन्यांना काचेचा कठडा असतो, त्यामुळे खुर्चीत बसूनही समुद्र दिसतो. समोरच्या बाल्कन्यांना पुष्कळ जहाजांवर पोलादी भिंतीसारखा भरीव कठडा असतो, कारण वारा आणि तुषार थेट तिथेच येतात. उभं राहिलं की सगळं दिसतं. बसलं की पोलाद आणि वर आकाश.

आबांचे गुडघे अधू आहेत. सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त उभं राहणं त्यांना जमत नाही.

शेजाऱ्यांनी मग जे केलं ते मी त्यानंतर कितीतरी ग्राहकांना करायला लावलं आहे. त्यांनी अंगणातली प्लास्टिकची खुर्ची उचलली, घरापुढच्या चिऱ्याच्या गडग्यापासून, म्हणजे कुंपणाच्या भिंतीपासून, दीड हातावर ठेवली आणि आबांना बसवलं. गडगा साधारण कमरेच्या वर येणारा. आबांना समोरच्या माडांचे शेंडे दिसले. रस्ता दिसला नाही, रस्त्यावरून जाणारा पोदेर, म्हणजे पाववाला, आणि त्याची सायकलही दिसली नाही, फक्त त्याचा भोंपू ऐकू आला. आबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे असं."

त्या एका मिनिटाने जे झालं ते माझ्या अर्ध्या तासाच्या समजावण्याने झालं नव्हतं.

कोणते पर्याय पाहिले

मागच्या टोकाची बाल्कनी वाऱ्यापासून आडोशाची असते आणि जहाजाच्या पाठीमागे उमटणारी फेसाची वाट तिथून फार छान दिसते. पण तिथे यंत्रांची थरथर जाणवू शकते, हेलकावे टोकाचेच, आणि या जहाजावर लिफ्टपासूनचं अंतर आजींना झेपलं नसतं. शिवाय आबांना पुढे बघायचं होतं, मागे नव्हे. हा पर्याय दहा मिनिटांत बाद झाला.

बाल्कनीच न घेता आतल्या स्वस्त खोल्या घ्यायच्या आणि दिवसभर वरच्या काचबंद बैठकीत पुढे तोंड करून बसायचं, हा पर्याय मी स्वतः मांडला होता. पैशांच्या हिशोबाने तो सगळ्यात शहाणपणाचा होता. आबांनी नकार दिला. पहाटे चारला उठून लुंगीवर बाहेर उभं राहता आलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. चारचौघांच्या बैठकीत ते होणार नव्हतं.

दोन्ही खोल्या जहाजाच्या मध्यावर, बाजूच्या बाल्कनीच्या, हा सगळ्यात सुरक्षित पर्याय. खुर्चीत बसून दिसणार, हेलकावे कमी, लिफ्ट जवळ. मी याच बाजूने होतो आणि तसं स्पष्ट सांगितलं.

शेवटचा पर्याय नातीने सुचवला: एक खोली समोरची आणि एक मधली. आबा आणि आजी मधल्या खोलीत राहतील, आई-बाबा आणि ती पुढच्या खोलीत. फ्योर्डमध्ये शिरताना आबांनी पुढे यायचं. फ्योर्डमध्ये जहाज हळू चालतं आणि दोन्हीकडच्या डोंगरांचा आडोसा असतो, म्हणजे समोरची बाल्कनी वापरता येण्याची शक्यता तिथेच जास्त.

निर्णय

चौथ्या दिवशी नातीचा पर्याय नक्की झाला. दोन शेजारच्या खोल्यांऐवजी आता दोघांमध्ये निम्म्या जहाजाचं अंतर पडणार होतं, आणि रात्री काही लागलं तर आजींकडे कोण, हा प्रश्न सुनेने उपस्थित केला. दोन्ही खोल्या एकाच डेकवर आणि एकाच बाजूच्या मार्गिकेत घ्यायच्या, म्हणजे सरळ चालत येता येईल, असं ठरवून तो सोडवला.

मधली खोली निवडताना नकाशावर तिच्या वर आणि खाली काय आहे ते तपासलं. दोन्हीकडे खोल्याच होत्या. स्वयंपाकघर, जलतरण तलाव किंवा नाचगाण्याचा हॉल खोलीच्या डोक्यावर किंवा पायाखाली आला की झोपेचं खोबरं होतं, म्हणून हे बघायलाच हवं.

समोरच्या बाल्कनीच्या कठड्याची नेमकी उंची मी कंपनीला लिहून विचारली. कठडा भरीव आहे एवढंच उत्तर आलं, उंची कळली नाही. मुदत संपत होती. आम्ही पैसे भरले.

एक चूक मात्र त्याच दिवशी झाली. ती मला नंतर उमगली.

प्रवासात काय झालं

हे लोक मोपाच्या विमानतळावरून निघाले तेव्हा इकडे मिरगाचा पाऊस सुरू झाला होता. पहिल्या संध्याकाळी कोपनहेगन सोडताना सगळे पुढच्या बाल्कनीत उभे होते आणि नातीने पाठवलेल्या फोटोत आबांचे केस उडत होते. त्याच रात्री साडेबाराच्या सुमारास पुढच्या खोलीतला फोन वाजला: पडदा ओढून घ्या. उत्तरेकडच्या जूनमध्ये रात्र पुरती काळी होत नाही, त्यामुळे नातीला वाटलं की नियम लागू नसेल. तो होता.

दुसऱ्या दिवशी जहाज डेन्मार्क आणि नॉर्वेमधल्या स्कागेराक सामुद्रधुनीतून पश्चिमेकडे निघालं आणि मग नॉर्वेचं दक्षिण टोक वळसा घालून उत्तरेला लागलं. वारा वायव्येचा, म्हणजे बराच वेळ तोंडावर. सकाळी नऊला समोरच्या बाल्कन्या बंद ठेवण्याची सूचना आली. मुलाने त्याआधी एकदा दार उघडून पाहिलं होतं. त्याच वेळी नात मार्गिकेकडून आत आली, दोन्ही दारं एका क्षणी उघडी राहिली आणि वाऱ्याचा असा झोत आरपार गेला की मार्गिकेचं दार धाडकन आपटलं. तिची बोटं थोडक्यात वाचली. समोरच्या खोलीत दोन दारं एका वेळी कधीच उघडायची नाहीत, हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं.

दुपारपर्यंत नाळ वर-खाली होऊ लागली. आजी मधल्या खोलीत पडून होत्या. डॉक्टरांना विचारून आणलेली गोळी त्यांनी सकाळीच घेतली होती. त्या थोड्या मळमळल्या, पण जेवायला गेल्या. बोट लागली ती सुनेला, आणि फार वाईट लागली. संध्याकाळी पाच वाजता त्यांना धरून मधल्या खोलीत आणावं लागलं. तिथे तासाभरात त्यांना बरं वाटू लागलं आणि पुन्हा पुढे जायचं नाव त्यांनी काढलं नाही.

ही माझी चूक. आजींना बोट लागते हे मी विचारून घेतलं होतं, आबांचे गुडघे विचारले होते. सुनेला मी काहीच विचारलं नव्हतं. रात्रीच्या सोयीचा विचार त्या करत होत्या, सासूबाईंकडे कोण बघेल याची काळजी करत होत्या, आणि त्यांना स्वतःला घाटात गाडी लागते ही गोष्ट आमच्या चार दिवसांच्या चर्चेत कुणाच्याच तोंडून निघाली नाही. त्यांच्याही नाही. अंबोली घाट चढताना दरवेळी त्या पुढच्या सीटवर बसतात, हे मुलाला माहीत होतं. गाडी लागणं आणि बोट लागणं हे एकाच घरातले दोन त्रास आहेत, हे मला माहीत होतं. ही दोन माहितींची टोकं जुळवणं माझं काम होतं.

रात्री मग आपोआपच अदलाबदल झाली. सून आणि नात आजींकडे मधल्या खोलीत, आबा मुलाबरोबर पुढच्या खोलीत. हे कुणीच आखलं नव्हतं.

आबा सवयीप्रमाणे साडेचारला उठले. बाहेर लख्ख उजेड होता, कारण त्या भागात जूनअखेर सूर्य चारच्या आसपास उगवतो. जहाज बाहेरचा समुद्र सोडून आत शिरलं होतं, पाणी सपाट झालं होतं, वेग कमी होता. मुलाने दार उघडलं तर ते सहज उघडलं. आबा कठड्याला दोन्ही हात टेकून उभे राहिले.

मुलाने मला फोनवर सांगितलं ते असं: ते वीस मिनिटं उभे राहत, दहा मिनिटं आत पलंगावर बसत, पुन्हा उठून जात. असं गायरांगरपर्यंत चाललं. शेवटचा, गायरांगर फ्योर्डचा भाग सुमारे 15 किलोमीटर लांबीचा आहे आणि 2005 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे प्रत्येक वळणानंतर समोरचा डोंगर बाजूला होतो आणि मागचा पुढे येतो. 'सात बहिणी' नावाचा धबधबा आला तेव्हा मधल्या खोलीतून आजी, सून आणि नातही पुढे आल्या आणि पाचही जण त्या बाल्कनीत दाटीने उभे होते. आबांनी आजींना म्हटलं, "बघ, कसं चालत येतं." आजींनी स्वेटर घट्ट केला आणि म्हणाल्या, "थंडी किती आहे हो."

पुढे जहाजाने नांगर टाकला. त्या साखळीचा गडगडाट समोरच्या खोलीत एवढा झाला की फोनवर मलाही ऐकू आला.

परतीच्या प्रवासात स्टावांगर सोडल्यावर वारा तोच वायव्येचा होता, पण आता तो पाठीमागून येत होता. मागचा वारा जहाजाच्या वेगाइतका असला की पुढच्या डेकवर हवा जवळजवळ पडते. त्या संध्याकाळी समोरच्या बाल्कनीत कागदी रुमालही उडत नव्हता. सून त्या दिवशी तिथे दोन तास बसल्या. बसल्यावर काही दिसत नव्हतं, पण शांत होतं.

सात रात्रींपैकी समोरची बाल्कनी खऱ्या अर्थाने वापरता आली ती तीन वेळा: निघतानाची संध्याकाळ, गायरांगरची सकाळ, परतीची संध्याकाळ. मधल्या खोलीची बाल्कनी रोज वापरली गेली. समोरच्या खोलीसाठी दिलेले जास्तीचे पैसे वसूल झाले का, असं मी आबांना आल्यावर विचारलं. त्यांनी त्या एका सकाळचंच पुन्हा वर्णन केलं.

वेगळं काय करता आलं असतं

दोन खोल्या वेगवेगळ्या घेण्याचा निर्णय मी आजही बदलणार नाही. खोलीत कोण राहील याची वाटणी मात्र आधीच उघडी ठेवायला हवी होती. आम्ही ती जोडप्यांप्रमाणे केली, कारण तेच नेहमीचं. ती बोट कुणाला लागते यावरून केली असती तर सुनेचा तो दिवस वाचला असता. आता मी खोल्या ठरवण्याआधी घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलतो, विशेषतः त्या माणसाशी जो बैठकीत सगळ्यांच्या सोयीबद्दल बोलतो आणि स्वतःबद्दल गप्प असतो. बोट लागते का असं विचारत नाही, कारण बहुतेकांनी बोटीने प्रवास केलेलाच नसतो. घाटात गाडी लागते का, असं विचारतो.

आबांच्या बसण्याचा प्रश्न सुटला नाही, तो त्यांनी गुडघ्यांवर सोसला. उंच स्टूल ठेवण्याची कल्पना मुलाने प्रवासाआधी काढली होती आणि मी ती ठामपणे नाकारली होती. बाल्कनीच्या कठड्याशी उंचावर बसणं धोक्याचं आहे आणि त्याबाबत माझं मत बदललेलं नाही.

कंपनीकडून न मिळालेली उंची नातीने मला आणून दिली. तिने शेवटच्या दिवशी आजीच्या शिवणाच्या पिशवीतली टेप काढून समोरच्या कठड्याची उंची मोजली, आणि मग आबांना तिथल्या खुर्चीत बसवून त्यांच्या डोळ्यांची. कठडा 118 सेंटिमीटर, आबांचे डोळे 109. माझ्या वहीत त्या जहाजाच्या नावापुढे हे दोन्ही आकडे लिहिले आहेत. बाकीच्या जहाजांपुढची जागा अजून रिकामी आहे. आता जो कुणी अशा खोलीत जातो त्याच्या सामानात मी एक टेप देतो.